अकरा अधिक एक

‘सोबत सभासदांची यादी जोडावी. नाव, रोल नंबर, मोबाइल नंबर, सही.’

विद्यार्थी गट नोंदवण्याचा अर्ज एका पानाचा होता आणि ही त्यातली शेवटून दुसरी ओळ. वरचं सगळं आम्ही दहा मिनिटांत भरलं होतं. गटाचा उद्देश, मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव, वर्षभरात काय करणार. या ओळीपाशी पेन थांबलं ते पुढचे तीन आठवडे थांबलेलंच राहिलं.

२०१९ चा फेब्रुवारी होता. खारघरच्या एका विद्यापीठात मी बी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. राहायला ठाणे पूर्वेला, कोपरीत. रोज सकाळची पनवेल लोकल, ऐरोली-घणसोली करत खारघर, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. आमच्या गटातले बहुतेक निर्णय या गाडीतच झाले. तुर्भ्याला गर्दी उतरली की बसायला जागा मिळायची, आणि मग कुणीतरी वही काढायचं.

गटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. गट अजून चालतो आणि नाव सांगितलं की कॉलेज कळेल. उद्देश मात्र सांगते, कारण तो आम्ही फार विचार करून लिहिला होता: जी मुलं-मुली समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी आहेत, किंवा नसूनही चालण्याबोलण्यावरून तशी ठरवली जातात, त्यांना शाळेत निर्धास्तपणे शिकता यावं म्हणून उद्याच्या शिक्षकांनी आजपासून तयारी करायची. आम्ही सगळे शिक्षक होणार होतो. दोन वर्षांत आंतरवासितेचे वीस आठवडे आम्हाला शाळेत काढायचे होते. म्हणून हा गट आमच्यापुरता नव्हताच, डोळ्यांपुढे शाळा होती.

त्याआधीच्या सप्टेंबरात, ६ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्दबातल केला. गुरुवार होता. सोमवारी दहीहंडी झाली होती, ठाण्यातले तिचे बॅनर अजून उतरले नव्हते, आणि पुढच्या गुरुवारी गणपती यायचे होते. दुपारी वर्गात कुणीतरी फोनवरची बातमी मोठ्याने वाचली. टाळ्या वाजल्या. दोघं-तिघं टाळ्या न वाजवता उठून बाहेर गेले. ते का गेले असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. आला तो चार महिन्यांनी, आठवी ब च्या वर्गात.

मराठीचा पाठ होता, कवितेचं प्रकट वाचन. मी एका मुलाला उभं केलं. त्याचा आवाज बारीक होता, वाचन मात्र सुरेख. कुठे थांबायचं ते त्याला कुणी न शिकवता कळत होतं. दुसऱ्या कडव्यावर मागून आवाज आला, ‘पावणेआठ!’ वर्ग हसला. मी हात वर केला, डोळे मोठे केले, वर्ग गप्प झाला. मुलाने उरलेली कविता त्याच आवाजात वाचली आणि तो खाली बसला. तास संपल्यावर मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक मॅडमनी माझ्या टाचणवहीत शेरा लिहिला: ‘वर्गनियंत्रण उत्तम.’

ती वही घेऊन मी गाडीत बसले आणि तुर्भ्याच्या आधीच मैत्रिणींना सगळं सांगून टाकलं. मग एकेकीचं निघत गेलं. केस बारीक कापलेल्या मुलीला पीटीच्या सरांनी ‘तू मुलांच्या रांगेत जा’ म्हटलेलं. स्नेहसंमेलनात लावणी करायची म्हणणाऱ्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलेलं. ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द तर मोजण्यापलीकडचे, आणि शिक्षकांच्या खोलीत ते ऐकून हसणारेही कमी नव्हते. त्या गाडीत आम्ही चौघी होतो. चौथी काहीच बोलली नाही. खिडकीबाहेर बघत बसली.

तर यादी.

सरळ होतं की ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्यामुळे हा गट निघतोय, त्यांतल्या कुणी त्या कागदावर सही केली असती तर तो कागद विद्यार्थी विकास कक्षातल्या फाइलीत गेला असता. फाइल कारकुनाच्या टेबलावर, टेबल दाराजवळ. आम्ही तिथल्या सरांना जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता. ‘क्रिकेटवाले देतात, नाट्यमंडळवाले देतात, तुम्हालाच काय अडचण आहे?’ एवढाच त्यांचा प्रश्न. अडचण सांगायला गेलो की जे लपवायचं तेच उघडं होत होतं. मी त्यांना यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांची २०१६ ची दुरुस्ती दाखवली. लैंगिक कल किंवा लिंगभाव यांवरून विद्यार्थ्याला छळणं, वाळीत टाकणं हेसुद्धा तिने रॅगिंगमध्ये धरलं आहे. सर म्हणाले, ‘मग त्यासाठी समिती आहेच की. तक्रार करा.’ तक्रारीलाही नाव लागतं, हे मी त्यांना म्हणायला हवं होतं. जिना उतरताना सुचलं.

आमच्यातली एक फार वाचणारी. तिने शोधून काढलं की ही गाठ आमच्याआधी पुष्कळांना सोडवावी लागली होती. १९८८ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड अकॅडमी या शाळेत केविन जेनिंग्स नावाचे इतिहासाचे शिक्षक आणि त्यांची एक विद्यार्थिनी यांनी असाच गट काढला. ती मुलगी स्वतः समलिंगी नव्हती. गटाचं नावच ‘गे-स्ट्रेट अलायन्स’ ठेवलं गेलं, म्हणजे समलिंगी आणि भिन्नलिंगी, दोन्हींची युती. त्या नावाखाली कुणीही येऊन बसावं, आणि बसला म्हणून तो कोण हे कुणाला ठरवता येऊ नये. तिने दुसरीही गोष्ट वाचून दाखवली. १९९६ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या शिक्षण मंडळापुढे असा गट आला तेव्हा त्या एकाला नाकारण्याऐवजी मंडळाने अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच विद्यार्थी गट बंद करून टाकले. मुलं कोर्टात गेली. चार वर्षांनी, २००० मध्ये, ती बंदी उठली. हे ऐकून आमच्या खजिनदाराला भीती वाटली की आपल्यापायी नाट्यमंडळ बंद पडेल.

पण त्या पहिल्या गोष्टीतून आमची वाट निघाली. सगळ्या वर्गानेच सही करायची. पन्नासच्या पन्नास जणांनी. यादी आणि वर्गाचा हजेरीपट एकच झाला की यादीतून काहीच कळत नाही.

पहिल्या दिवशी अडतीस सह्या झाल्या. मला हर्ष झाला होता, आणि त्या भरात मी उरलेल्या बाराजणांमागे लागले. नऊ जणांनी दुसऱ्या दिवशी केल्या. दोघांनी स्पष्ट सांगितलं की त्यांना हे पटत नाही. ते मी मान्य केलं. एक राहिला. पनवेलच्या पुढच्या एका गावातून यायचा, अबोल, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. मी त्याला वर्गात विचारलं, मग ग्रंथालयात, मग कँटीनमध्ये चहाचा कप हातात असताना तिसऱ्यांदा. तो म्हणाला, ‘ताई, ही यादी घरी जाते का?’ मी म्हटलं, ‘छे, घरी कशाला जाईल!’ आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. आजूबाजूला सात-आठ जण बसले होते. सगळे बघत होते की हा एकटाच का सही करत नाही.

त्याने केली नाही. चहा तसाच ठेवून तो उठला आणि पुढचे चार दिवस कॉलेजला आला नाही.

तो का आला नाही ते मी कधी विचारलं नाही, म्हणून मला ते माहीत नाही. ताप आला असेल. घरचं काही असेल. पण त्या चार दिवसांत मला जे समजलं ते असं की ज्याला लपायला जागा मिळावी म्हणून मी यादीत सगळा वर्ग भरत होते, त्यालाच मी भर कँटीनमध्ये उजेडात उभं केलं होतं. माझा हेतू चांगला होता, आणि माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला त्या हेतूचा काडीचाही उपयोग नव्हता. नियमावली लिहायला बसलो तेव्हा चौथं कलम मी सुचवलं: ‘सभासद होण्याविषयी कुणालाही एकदाच विचारावे.’ मार्गदर्शक मॅडमनी ‘एकदाच’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

या मॅडमविषयी थोडं सांगायला हवं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, शिक्षणाचा इतिहास शिकवायच्या. गटाचं मार्गदर्शकपद घ्यायला दुसरं कुणी तयार होईना तेव्हा आम्ही त्यांच्याकडे गेलो. वाटलं होतं, नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘अगं, १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तो कशावरून होता माहितीये?’ आम्हाला कुटुंबनियोजन एवढंच ठाऊक. त्या म्हणाल्या, ‘समाजस्वास्थ्य या आपल्या मासिकात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. खटल्यातल्या प्रश्नांमध्ये समसंभोगाचाही प्रश्न होता. आणि कर्व्यांची बाजू मांडायला उभे कोण राहिले? बाबासाहेब आंबेडकर. हरले ते. दंड झाला कर्व्यांना. पण उभे राहिले. मग मला सही करायला काय होतंय?’

मॅडमची एक शिस्त होती. नियमावलीचं प्रत्येक कलम मोठ्याने वाचायचं आणि वाचून झालं की विचारायचं, ‘यामुळे कुणाचं वाईट होऊ शकतं?’ चांगलं काय होईल ते त्यांना ऐकायचं नसे. एकेका कलमाला तास जायचा. खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये हिरवळीवर बसून आम्ही ती वाचनं केली. शेंगदाण्याच्या पुड्या संपायच्या, कलम संपायचं नाही.

सर्वांत जास्त भांडण झालं ते कार्यकारिणीवरून. सात जागा. एका बाजूचं म्हणणं असं की निम्म्याहून जास्त जागा ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांच्याच असाव्यात, नाहीतर आम्ही बाकीचे त्यांच्या नावाने बोलत राहू. हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला राखीव जागा कशासाठी असतात ते वेगळं समजावावं लागत नाही. पण राखीव जागेवर उभं राहायचं तर ‘मी त्यातला’ असं सांगावं लागणार. कुणाला सांगायचं? निवडणूक अधिकाऱ्याला? आणि कुणी म्हणालं की हा खोटं बोलतोय, तर?

मॅडमनी तेव्हा २०१४ चा नालसा निकाल वाचायला लावला. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. २०१९ च्या अखेरीस संसदेत पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा झाला, आणि १० जानेवारी २०२० पासून जो लागू झाला, त्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख-प्रमाणपत्र घ्यायची तरतूद आली. त्याच कायद्यात शाळा-कॉलेजांनी भेदभाव न करता सर्वांना सामावून घेणारं शिक्षण द्यावं हेही आहे, प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा हेही आहे. पण आमच्या वहीत एकाने त्या दिवशी मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला आठवतं: ‘दाखला मागायचा नाही.’

शेवटी तोडगा निघाला तो असा. जागा राखीव नाहीत, पण अध्यक्ष आणि सचिव यांनी बोलायच्या आधी बैठकीत इतरांना बोलू द्यायचं. शाळेत जाऊन काय सांगायचं याचा मसुदा गटातल्या कुणीही, नाव न घालता, लिहून एका पेटीत टाकावा आणि पेटीतला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय मसुदा पक्का करायचा नाही. तोडगा अपुरा होता. पेटीत कागद टाकणारा कार्यकारिणीत बसत नाही, मतदान करत नाही, त्याचं कुणी कौतुक करत नाही. माझं मत विचाराल तर आम्ही सुरक्षितता घेतली आणि अधिकार सोडला, आणि अशा सौद्यात सोडावं लागतं ते नेहमी त्यांनाच ज्यांच्याकडे आधीच कमी असतं. पुढच्या तुकड्यांनी यात बदल केले. करायलाच हवे होते.

मला स्वतःला या काळात पुष्कळदा विचारलं गेलं, ‘तू पण त्यातलीच का?’ गटाचा नियम होता की या प्रश्नाला होय किंवा नाही, कुठलंच उत्तर द्यायचं नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या दहाजणांमध्ये गप्प राहणारा अकरावा उघडा पडतो. तो नियम मी आजही पाळते.

आता शाळेविषयी. इथली कलमं कमी आहेत पण ती लिहिताना आमच्या जिवाला घोर होता, कारण समोर अठरा वर्षांखालची मुलं होती. शाळेत दोघांनी मिळूनच जायचं, एकट्याने नाही. वर्गात शिक्षक असायलाच हवेत. मुलाला फोन नंबर द्यायचा नाही, घ्यायचा नाही. त्याला ‘तू तसा आहेस का’ असं कधीच विचारायचं नाही. आणि अकरावं कलम, ज्यावर मॅडमनी आम्हाला दोन शनिवार बसवलं:

‘मूल कोण आहे हे कुणालाही सांगायचे नाही, पालकांना नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. मुलाला कोण त्रास देते हे मात्र सांगायचे. म्हणून मी कुणाला काहीच सांगणार नाही असे वचन मुलाला देऊ नये.’

पोक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ हवा. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवता यायला हवं. पण कायदा पाठ असणं वेगळं आणि तुमच्यापुढे उभं राहून मूल जेव्हा म्हणतं, ‘मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?’ तेव्हा ‘ते ऐकल्यावर ठरवू या’ असं म्हणता येणं वेगळं. आम्ही हे एकमेकांवर सराव करून शिकलो. सरावातसुद्धा जीभ अडखळायची. सगळं काळीज सांगत असतं की वचन देऊन टाक.

दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेत, नवी मुंबईतल्या एका शाळेत, माझ्या टाचणवहीत एक चिठ्ठी निघाली. नाव नव्हतं. ‘मॅडम तुम्ही अजून किती दिवस आहात. मी शाळेत पाणी पीत नाही.’

मला अर्थ लागला नाही. शाळेत पाण्याची टाकी होती, फिल्टर होता. जोडीदारीण मात्र चिठ्ठी बघताच म्हणाली, ‘मुतारीला जायला लागू नये म्हणून.’

सकाळी सातला घरून निघालेलं मूल दुपारी एकपर्यंत घोटभर पाणी पीत नाही, कारण मोठ्या सुट्टीत मुतारीच्या मागे काय होतं ते त्याला माहीत आहे. त्या दिवशी माझ्या पिशवीत त्याच वर्गाच्या सेहेचाळीस वह्या तपासायला होत्या. अक्षर जुळवून बघायला किती वेळ लागला असता? गाडीत बसल्यावर मी पहिली वही काढली. चिठ्ठी मांडीवर ठेवली. दुसरी वही काढली. मग जोडीदारिणीने माझ्या हातावर हात ठेवला. काही बोलली नाही. मी वह्या पिशवीत घातल्या आणि चेन लावली.

मला खरंच त्याला शोधायचं होतं. त्याच्या शेजारी बसून सांगायचं होतं की तुझी चिठ्ठी पोचली. अजूनही कधीकधी वाटतं की शोधायला हवं होतं. पण मी त्याला शोधलं असतं तर मला ते कळलं असतं, माझ्या नजरेवरून वर्गाला कळलं असतं, आणि मी तीन आठवड्यांनी निघून जाणार होते. तो तिथेच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुख्याध्यापिकांकडे गेलो. चिठ्ठी दाखवली नाही. म्हटलं, मोठ्या सुट्टीत मुतारीच्या मागे मुलांना त्रास होतो असं आम्हाला कळलंय, तिथे आम्ही उभ्या राहू का? त्यांनी आधी ‘कोण म्हणालं?’ असं विचारलं. आम्ही अकरावं कलम जसंच्या तसं सांगितलं. त्या जरा वेळ आमच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी शिपाईमामांना बोलावून मागची जुनी बाकं हलवायला सांगितली, कारण त्या आडोशामुळेच ती जागा कुणाला दिसत नव्हती. ते आम्हाला सुचलं नव्हतं. तीन आठवडे आम्ही आळीपाळीने तिथे उभ्या राहिलो, पुढे कार्यानुभवाच्या सरांनी ती जबाबदारी घेतली. सुरक्षित शाळेवर आम्ही मोठमोठे तक्ते केले होते, इंद्रधनुष्य रंगवलं होतं. त्या शाळेत जे बदललं ते एवढंच: आडोसा गेला आणि एक माणूस उभा राहिला. मुलाने पाणी प्यायला सुरुवात केली की नाही, मला माहीत नाही.

पैशांविषयी सांगण्यासारखं फार नाही. वर्गणी ऐच्छिक ठेवली, पावतीवर नाव नाही, फक्त अनुक्रमांक. फोटोविषयीही एकच वाक्य होतं: काढायचा नाही.

मग मार्च २०२० आला आणि लोकलच थांबली.

आमची सगळी नियमावली एका गृहीतावर उभी होती, की घर एका जागी आहे आणि गट दुसऱ्या जागी, आणि मध्ये निदान एक गाडी आहे. आता बैठक घरातच भरणार होती. वागळे इस्टेटमध्ये एका खोलीत पाच माणसं, त्यातलं एक आमच्या कार्यकारिणीतलं. कुणी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसायचं, कुणी बाथरूममध्ये नळ सोडून. एक जण इअरफोन लावून फक्त ऐकायचा आणि उत्तरं लिहायचा. घरच्यांना वाटायचं लेक्चर चालू आहे. आम्ही नवे नियम केले. कॅमेरा बंद. नाव हाक मारायचं नाही. गटाचं नाव उच्चारायचंच नाही, ‘अभ्यास मंडळ’ म्हणायचं. कुणी अचानक म्हणालं ‘प्रकरण सहावं झालं का?’ तर सगळ्यांनी ताबडतोब बी.एड.च्या अभ्यासावर बोलायला लागायचं, कारण त्याच्या खोलीत कुणीतरी आलेलं आहे. एका बैठकीत तीनदा प्रकरण सहावं निघालं.

मे महिन्यातल्या बैठकीला अकराजण होते. मी सचिव, हजेरी घेत होते. बारावी खिडकी उघडलेली दिसली. नाव नव्हतं, फक्त फोनचं मॉडेल. मी विचारलं, ‘हे कोण?’ थोड्या वेळाने खाली एक शब्द उमटला: ‘आहे’.

बस. ‘आहे’.

बैठक संपल्यावर कार्यकारिणी फोनवर तास-दीड तास भांडली. लिंक सूचनांच्या गटात टाकली होती, त्या गटात जवळपास वर्गभर माणसं. ती कुणाच्याही भावाच्या हाती लागली असेल. कुणी मुद्दाम ऐकायला बसलं असेल. खजिनदाराचं म्हणणं, पुढच्या वेळी बाहेर काढा; एका माणसाच्या भिडेखातर अकराजणांचा जीव टांगणीला कशाला? तो चुकत नव्हता. दुसरी म्हणाली, ज्याला नाव सांगता येत नाही त्याच्यासाठीच आपण हे सगळं केलं ना? तीही चुकत नव्हती. मॅडमना फोन लावला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, यामुळे कुणाचं वाईट होऊ शकतं? आणि मग म्हणाल्या, ‘एकदा विचारलंत ना? चौथं कलम काय म्हणतं?’

ठरलं ते असं. त्या खिडकीला बाहेर काढायचं नाही. पुन्हा कोण म्हणून विचारायचं नाही. तिला मत नाही, ती कोरममध्ये धरायची नाही. ती असेल तोवर कुणी स्वतःची किंवा दुसऱ्याची खासगी गोष्ट बोलायची नाही, फक्त गटाचं कामकाज. आणि इतिवृत्तात हजेरी लिहिताना तिची नोंद करायची. मी वहीत लिहिलं: ‘उपस्थिती: ११ + १’.

पुढच्या प्रत्येक बैठकीला ते मॉडेल येत राहिलं. हजेरीला ‘आहे’, नंतर शांतता. सप्टेंबरात केंद्र सरकारची ‘किरण’ नावाची मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू झाली होती आणि तिचा नंबर खजिनदार, तोच ज्याला ती खिडकी बंद करायची होती, वाचून दाखवत होता. खाली शब्द आला: ‘परत’. त्याने परत वाचला. एकेक आकडा सुटा करून, मध्ये थांबत. मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा वाचला. कुणी काही बोललं नाही. बाथरूममधल्या नळाचा आवाज येत राहिला.

त्यानंतर आमची तुकडी पास झाली, वही पुढच्यांकडे गेली. २०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी प्रशिक्षण साहित्य तयार केलं; राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि ते संकेतस्थळावरून काढलं गेलं. त्या आठवड्यात मला गटातल्या जुन्या मुलामुलींचे फोन येत होते. आम्ही हिरवळीवर शेंगदाणे खात जे कलमाकलमाने शोधलं होतं ते देशाच्या पातळीवर कुणीतरी नीट बसून लिहिलं होतं, आणि ते उघडायला जावं तर पान सापडत नव्हतं. मला फार दुःख झालं.

मी आता कळव्याच्या एका शाळेत शिकवते. रांगा उंचीप्रमाणे लावते. पहिल्या वर्षी सहकाऱ्यांनी कारण विचारलं, आता विचारत नाहीत. वर्गात कुणी ‘बायल्या’ म्हणालं तर मी वर्ग गप्प करत नाही, पाठ थांबवते. त्या शब्दावर बोलायला दहा मिनिटं लागतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो.

गेल्या महिन्यात गटाच्या यंदाच्या सचिवाचा फोन आला. मला ती कधी भेटलेली नाही. विद्यापीठाने आता सगळं ऑनलाइन केलंय, गटाच्या नोंदणीत सभासदांचे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचे कायम नोंदणी क्रमांक, भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मी तिला वर्गाच्या हजेरीपटाची युक्ती सांगायला लागले, तर ती म्हणाली, ‘ते केलंय ताई. दोन्ही वर्षांच्या मिळून पंच्याऐंशी जणांनी होकार दिला. उरलेल्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.’ तिला वेगळंच विचारायचं होतं. ती जुन्या वह्या वाचत होती, आणि २०२० च्या वहीत एक नोंद तिला कळत नव्हती.

‘हे अकरा अधिक एक काय आहे?’

मी सांगितलं. मॉडेलचं, ‘आहे’चं, भांडणाचं, नंबर तीनदा वाचल्याचं. ती ऐकत होती. मागे गाडीचा आवाज येत होता, बहुधा तीही खारघरहून निघाली असावी.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘आमच्याकडे पण एक आहे.’